झुंबरबाईची साक्ष

झुंबरबाईची साक्ष धुळ्याच्या मंडळीत सगळ्यांना तोंडपाठ होती. दर जानेवारीत चर्चमध्ये हंगामाचा सण व्हायचा, तिसरं गीत संपायचं, आणि पाळकसाहेब म्हणायचे, "आता सोनगीरच्या झुंबरबाई साक्ष देतील." लगेच बायका पदर सावरून बसायच्या. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. कोणी नोकरी लागल्याचं सांगे, कोणी नवऱ्याची दारू सुटल्याचं. पण झुंबरबाईची सर कोणाला नव्हती. एरवी बाई घरात, बाजारात, नवऱ्याशी भांडताना अहिराणीशिवाय बोलायची नाही, साक्ष मात्र बायबलातल्या मराठीत.

"चार वर्षांचं माझं लेकरू. तोंडाला फेस, डोळे पांढरे. मी म्हटलं, प्रभू, ही तुझीच आहे. ठेव नाहीतर ने."

इथे बायका "आमेन" म्हणत.

"पाळकांनी तिच्या मस्तकावर हात ठेवला, आणि त्या दिवसापासून आजतागायत एकसुद्धा झटका नाही!"

इथे पुरुषही "हालेलुया" करत. मग झुंबरबाई बोट दाखवायची आणि ते लेकरू उठून उभं राहायचं. लेकराचं नाव सुलक्षणा. लेकरू आता छत्तीस वर्षांचं झालं होतं, जळगावच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होतं, त्याच्या डोक्यात दोन-चार पांढरे केस आले होते. पण उभं राहणं काही सुटलं नव्हतं.

यंदा मात्र अडचण झाली. दिवाळीच्या आधी झुंबरबाईला लकवा मारला. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं, शब्द अर्धे बाहेर आणि अर्धे आत राहू लागले. सण जवळ आला तसा पाळकसाहेबांचा सुलक्षणाला फोन आला. रुपचंद पाळक माणूस गोड, पण एकदा मागे लागला की गोचिडीसारखा. म्हणाले, "ताई, एवढी मोठी साक्ष वाया जाऊ द्यायची नसते. आता ती तुम्ही द्या. साक्ष तशीही तुमचीच ना?"

सुलक्षणा "बघते" म्हणाली, आणि तिची झोप उडाली.

तिची साक्ष! तिला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. ज्या गोष्टीवर तिचं सगळं नाव उभं होतं, ती गोष्ट तिनं फक्त ऐकली होती. आणि ती ऐकूनही तिला आता चार वर्षं मळमळत होतं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तिचा धाकटा भाऊ ललित धुळ्यात दवाखान्यात पडला, तेव्हा अख्ख्या मंडळीनं साखळी प्रार्थना धरली होती. घराघरांनी तास वाटून घेतले, एकाचा संपला की दुसऱ्याचा सुरू, रात्रंदिवस खंड नाही. सुलक्षणानं स्वतः पहाटेचे तास मागून घेतले होते. गुडघे टेकून टेकून तिच्या गुडघ्यांना घट्टे पडले. ललित गेला. मागे दोन महिन्यांपूर्वी लग्न करून आणलेली बायको आणि न फेडलेला टीव्ही ठेवून गेला. पुढच्या जानेवारीत माय उठली आणि तीच साक्ष, एक अक्षर इकडचं तिकडं न करता, देऊन मोकळी झाली. बायका आमेन म्हणाल्या. सुलक्षणा उभी राहिली. उभं राहताना तिला वाटलं, ललितसाठी कोणी बोट दाखवलं नाही म्हणून तो गेला का?

त्या दिवसापासून तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. देव नाही असं म्हणायची तिची तयारी नव्हती, आणि आहे असं म्हणायला गेलं की जीभ अडायची. रविवारी ती जळगावात चर्चला जायची, गाण्याला ओठ हलवायची. घरी प्रार्थनेला बसली की फोन लागलाय की नाही हे न कळता एकट्यानंच बोलत राहावं तसं तिला व्हायचं. वर्गात पोरांना ती सांगायची, पुरावा दाखवा, मग बोला. घरी आली की स्वतःच्याच जिवंत असण्याचा पुरावा तिला पुरत नव्हता. वखारीत केळीचे घड निवडतात तसं देव माणसं निवडतो का? निवडत असला तर तो असला कसला देव? आणि निवडत नसला तर माझ्या डोक्यावर ठेवलेला तो हात कसला? धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, असा हा प्रश्न होता. नवऱ्याला एकदा विचारलं, तर भूषण म्हणाला, "एवढा विचार नको करू, बीपी वाढेल." मग तिनं विचारणंच सोडलं.

शनिवारी ती एसटीनं धुळ्याला आणि तिथून सोनगीरला पोचली, तर घरात पाहुणी बसलेली. डिंपल. मंडळीतलीच, धुळ्यात देवपुरात राहणारी, नवरा ट्रकवर. मांडीवर सहा वर्षांची प्राची, दोन वेण्या घातलेली. झुंबरबाई खाटेवर उशीला टेकून होती आणि वाकड्या तोंडानं का होईना, पण हसत होती.

"जय ख्रिस्त ताई," डिंपल उठून म्हणाली. "तुमचीच वाट बघत होते. उद्या तुम्ही साक्ष देणार ना? मी ठरवलंय. तुमची साक्ष झाली की हिच्या गोळ्या बंद."

"कसल्या गोळ्या?"

"झटक्यांच्या. तुम्हाला होते तसेच हिलाही. दोन वर्षं झाली देतेय. तो डॉक्टर म्हणतो, अजून तीन वर्षं द्या. तुमचं तर एका दिवसात झालं! मावशींची मागच्या वर्षीची साक्ष माझ्या मोबाईलवर आहे, रोज ऐकते. उद्या मी गोळ्यांचं पाकीटच देवाच्या टेबलावर ठेवणार. लोक पहिलं पीक ठेवतात, मी माझी भीती ठेवणार."

हे ती इतक्या आनंदानं बोलली की सुलक्षणानं हातातली पिशवी घाईनं खाली ठेवली. ती म्हणाली, "हे बघ डिंपल, या गोळ्या अशा एकदम बंद करायच्या नसतात. जिवावर बेततं. डॉक्टरांना विचार आधी."

डिंपलनं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू सोन्याच्या दुकानदारानंच सोनं खोटं असतं म्हणून सांगितलं होतं. "ताई, तुम्ही असं म्हणता? तुम्ही?"

 सुलक्षणा कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? तिचं स्वतःचं शरीरच डिंपलच्या बाजूनं साक्षीदार होतं. खाटेवरून मायनं डावा हात उचलून डिंपलच्या डोक्यावर ठेवला. "विश्वास," एवढा एकच शब्द तिच्या तोंडून धड बाहेर पडला. डिंपल डोळे पुसत, प्राचीचा हात धरून, पाचच्या गाडीनं परत गेली.

सुलक्षणाला घरात बसवेना. ती मागच्या अंगणात आली. तिथं तिचे वडील, लोटन आबा, चुलीवर चहा करत होते. म्हातारा गॅसच्या चहाला चहा म्हणायचा नाही. त्यानं गुळाचा खडा फोडला.

"आबा, माझ्यात साखर टाका. मला गूळ कडू लागतो, माहीत आहे ना तुम्हाला."

आबा हसले. "तुले अजून कडू लागस? बेटा, तो गूय कडू नव्हता. गोयी कडू व्हती."

"कसली गोळी?"

"झटकासनी. देवचंद डॉक्टरनी दिधेल. चार वरीस. नित सकायले तुनी माय कुटे नि गूयमा कालवीसन तुले चाटाडे. तू रडे. तुले काहीच याद नही?"

सुलक्षणा चुलीजवळच्या दगडावर बसली. आयुष्यभर तिनं पुरणपोळी गुळाची असली की बाजूला सारली होती, संक्रांतीला शेजाऱ्यांनी दिलेला तिळगूळ पर्समध्ये टाकून घरी नेऊन फेकला होता, आणि लोकांना सांगत आली होती की माझ्या जिभेतच काहीतरी दोष आहे.

"मग साक्षीत हे का नाही? माय खोटं सांगत आली?"

"खोटं नही वं." आबांनी चहा खाली उतरवला. "पहिले सांगे ना ती. देवचंद डॉक्टरनं नाव लेये, गोयीसनं सांगे, बठ्ठं सांगे. पन त्या वाक्यले कोनी आमेन म्हने ना. प्रार्थनानं सांगं का आमेन, डॉक्टरनं सांगं का गप. मंग त्या टायमना पाळक म्हने, साक्ष आखूड करा, टाईम व्हस. आखूड करी तं काय जाई? जठे आमेन नही, तेच जाई."

इतकं साधं होतं ते. कोणी कट केला नव्हता, कोणी लबाडी केली नव्हती. वर्षाला एक वाक्य गळत गळत एक दिवस चमत्कार तेवढा शिल्लक राहिला होता. आणि त्या गळलेल्या वाक्यांपायी उद्या सहा वर्षांची पोर मरणार होती!

ती तरातरा आत गेली. "माय, मला गोळ्या देत होतीस तू. चार वर्षं. मग सांगत का नाहीस?"

झुंबरबाईनं तिच्याकडे पाहिलं. शब्द जुळवायला तिला वेळ लागला. "देवनी... वाचाडं."

"देवानं वाचवलं, बरं. मग ललितला का नाही वाचवलं?"

चार वर्षं हा प्रश्न दोघींच्या मध्ये पडून होता. दोघीही त्याला वळसा घालून जात होत्या. आज तो तोंडातून निघाला तेव्हा सुलक्षणालाच त्याचा दणका बसला. झुंबरबाईचं वाकडं तोंड आणखी वाकडं झालं. तिनं हळूहळू मान वळवली आणि भिंतीकडे तोंड केलं. रात्री जेवलीसुद्धा नाही. आबांनी दोघींची ताटं झाकून ठेवली आणि "तुम्हनं तुम्ही देखा" म्हणून झोपायला गेले.

सकाळी रिक्षा करून तिघं धुळ्याला निघाली.  सुलक्षणा मनात वाक्यं जुळवत होती आणि मोडत होती. खरं सांगितलं तर माय चारचौघांत खोटी पडते. लकवा मारलेल्या बाईकडे उरलेलं एकच धन, ते पोरीनंच लुटायचं? आणि नाही सांगितलं तर डिंपल गोळ्या ठेवून घरी जाणार. बरं, सांगताना देवाचं नाव घ्यायचं की नाही? घेतलं तर ते खरं असेल का? इकडे आड, तिकडे विहीर, आणि रिक्षावाला मात्र निवांतपणे गाणी लावून बसला होता.

चर्चमध्ये पुढच्या टेबलावर शेतमालाचा ढीग लागला होता. दादर ज्वारीची कणसं, भरताची मोठाली हिरवी वांगी, केळीचा एक अख्खा घड, पपया, गुळाची भेली, आणि टेबलाच्या पायाला बांधलेली एक कोंबडी. वांग्यांच्या शेजारी एक दुमडलेला गुलाबी रुमाल होता. त्यात काय आहे ते सुलक्षणाला सांगावं लागलं नाही. डिंपल दुसऱ्या रांगेत प्राचीला घेऊन बसली होती आणि तिचा चेहरा उजळला होता. आबांनी मायची चाकांची खुर्ची खांबाजवळ लावली.

तिसरं गीत झालं. "आता झुंबरबाईंच्या कन्या साक्ष देतील."

सुलक्षणा पुढे गेली.  तिनं मायच्याच शब्दांनी सुरुवात केली, कारण दुसरे तिच्याजवळ नव्हतेच. "मी चार वर्षांची होते. तोंडाला फेस, डोळे पांढरे. माझी माय म्हणाली, प्रभू, ही तुझीच आहे, ठेव नाहीतर ने."

"आमेन," बायका म्हणाल्या.

"पाळकांनी माझ्या मस्तकावर हात ठेवला." ती थांबली. लोक पुढच्या वाक्याची वाट बघत होते. काहींनी हालेलुयासाठी हातही अर्धे वर केले होते. "आणि माझी माय मला देवचंद डॉक्टरांकडेही घेऊन गेली. त्यांनी गोळ्या दिल्या. मायनं त्या चार वर्षं, एक दिवस न चुकवता, कुटून गुळातून मला चाटवल्या. म्हणून मला झटका आला नाही."

कोणी काही म्हटलं नाही. वर गेलेले हात खाली आले. कोंबडी तेवढी कुरकुरली.

"माय हे आधी सांगायची. तुम्ही... आपण कोणी त्याला आमेन म्हटलं नाही, म्हणून ते गळलं." आता तिला थांबायचं नव्हतं. "माझ्या भावासाठी आपण सगळ्यांनी प्रार्थना केली. तो गेला. मी का राहिले आणि तो का गेला, मला माहीत नाही. चार वर्षं झाली, मला धड प्रार्थनाही करता येत नाही. मला जे माहीत नाही ते मी साक्षीत सांगणार नाही. गोळ्या घेतल्या होत्या, हे मला माहीत आहे. डिंपल, तिच्या गोळ्या बंद करू नकोस."

ती जागेवर येऊन बसली. मागून कोणीतरी "हे काय साक्ष झाली?" असं पुरेशा मोठ्यानं पुटपुटलं. रुपचंद पाळकांनी घसा साफ केला आणि घाईघाईनं पुढचं गीत सांगितलं. पेटीवाल्यानं चुकीच्या पट्टीत धरलं. मायची मान खाली होती. ती वर झाली नाही, आणि सुलक्षणाला तिच्याकडे बघायचा धीर झाला नाही.

उपासना सुटल्यावर सगळा माल अंगणात आणून मांडला गेला, कारण देवाला वाहिलेल्या मालाचा लिलाव दर सणाला तिथंच व्हायचा. लोक सुलक्षणाला "बरं आहे ना" म्हणत आणि पुढे सरकत. काल ज्या बायका गळ्यात पडल्या असत्या, त्यांना आज एकदम केळीच्या घडात रस निर्माण झाला होता. ती चिंचेखाली मायच्या खुर्चीशेजारी उभी राहिली. तेवढ्यात डिंपल आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"का सांगितलंत?" ती ओरडलीच. "नुसत्या गोळ्यांवर दिवस ढकलत होते मी. रात्री उठून हिचा श्वास बघते. तुमच्या साक्षीवर जगत होते, ताई. तीही काढून घेतलीत. आता मी काय धरू?"

"मला नाही माहीत, डिंपल," सुलक्षणा म्हणाली. तिला फार वाईट वाटलं, आणि तिनं ते लपवलं नाही. "खरंच नाही माहीत. मीही तेच शोधतेय."

डिंपलनं पदरानं नाक पुसलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "सकाळची गोळी दिलेली नाही. आत्ता दिली तर चालेल?"

सुलक्षणा धावतच मालाकडे गेली आणि गुलाबी रुमाल उचलला. तर लिलाव पुकारणारा तोताराम आडवा आला. "ओ ताई! एकदा देवाले वाह्यं ते देवनं. आठे हात लावानं काम नही. लिलावमाच सुटी ते." माणूस नियमाचा पक्का होता, चर्चचा पंखा लावायलासुद्धा तो पाळकांची परवानगी घ्यायचा.

"मंग लाव ना बोली!" मागून लोटन आबा गरजले. "तो रुमाल नि ती गूयनी भेली, पाचशे रुपया. दोन्ही मना. देखू कोन वर जास ते!"

तोतारामनं बावचळून रुमाल वर धरला आणि एक वार, दोन वार केलं. कोणी वर बोली लावली नाही. पाळकसाहेब दुसरीकडे बघू लागले. तीन वार झालं, आणि आबा भेली काखेत मारून, रुमाल घेऊन चिंचेखाली आले.

प्राचीनं गोळी बघूनच तोंड घट्ट मिटलं. "कडू आहे." सुलक्षणानं खुर्चीच्या हातावर दगडानं गोळी कुटली, भेलीचा तुकडा मोडला, बोटांनी कालवला. हे कसं करायचं ते तिला कोणी शिकवलं नव्हतं, तरी हात आपसूक करत होते. माय खाली मान घालून त्या हातांकडे बघत होती.

"थांबा ताई," डिंपल म्हणाली. "देण्याआधी प्रार्थना करा. तुम्हीच करा."

सुलक्षणाचं गुळानं माखलेलं बोट मध्येच थांबलं. आत्ताच सगळ्यांसमोर सांगून आले की येत नाही, आणि ही बाई पुन्हा तेच मागते. पण डिंपलनं डोळे मिटलेसुद्धा. सुलक्षणानं मोकळा हात प्राचीच्या डोक्यावर ठेवला. केस उन्हानं तापले होते. "प्रभू," ती म्हणाली, आणि पुढे काहीच नाही.  पुढचं प्रत्येक वाक्य खोटं वाटत होतं, आणि खोटं तिला आज बोलायचं नव्हतं. प्राची एक डोळा उघडून गुळाकडे बघत राहिली.

तेव्हा खुर्चीतून आवाज आला. अडखळत, अर्धा गिळत. बायबलातली मराठी कुठल्या कुठे गेली होती. झुंबरबाई घरच्या बोलीत बोलत होती.

"देवबाप... देवचंद डॉक्टरना... हातले तू यश दिधं. मी ते... सांगानं सोडी दिधं. माले माफ कर." ती दम घ्यायला थांबली. लाळ गळली ती तिनं डाव्या हातानं पुसली. "ह्या पोरना... डॉक्टरले बी यश दे."  सुलक्षणाला वाटलं संपलं. "मना ललितनं... का व्हयनं... ते माले समजनं नही. तू सांगशी... तवय सांग."

अंगणात वांग्यांची बोली चालली होती. चिंचेखाली कोणी काही म्हटलं नाही. आबा तोंड फिरवून उभे होते, डिंपल ओठ चावत होती. माय तशीच मान वर करून थांबली होती, वाक्य संपल्यावर तीस वर्षांपूर्वी थांबली असेल तशी.

"आमेन," सुलक्षणा म्हणाली.

कोणाला म्हणाली ते तिला सांगता आलं नसतं. तिनं प्राचीच्या तोंडात गूळ घातला. पोरीनं तोंड वेडंवाकडं केलं, गिळलं, आणि अजून गूळ मागितला.